डोळ्यांची येरझार

२७ ऑगस्ट २००३. नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली. ३९ भाविक गेले. मी वाचलो, पण पुढे कितीतरी वर्षे बाजारातल्या गर्दीतही छाती दडपून जाई. सौभाग्यवती म्हणे, "अहो, हात धरा माझा!"

अखेर मानसतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तो प्रसंग मनात आणायला सांगितला अन् दोन बोटे डावी-उजवीकडे हलवली. माझे डोळे त्यांमागे फिरत राहिले. अमेरिकेतील फ्रान्सिन शापिरोबाईंना १९८७ मध्ये बागेत फिरताना सुचलेली ही पद्धत. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. डोळ्यांचा वाटा त्यात किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे.

काही बैठकींनंतर आठवण पुसली नाही. तिची नांगी मोडली. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी गर्दीतून जाऊन रामकुंडात दिवा सोडला.