सिस्टिम प्रोग्रामिंगचा पेपर: आधी पत्ते, मग व्याख्या

संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला सिस्टिम प्रोग्रामिंग भेटते. पुणे विद्यापीठात ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोडीने ‘एसपीओएस’ म्हणून येते, तर मुंबईत कंपायलरच्या जोडीने ‘एसपीसीसी’ म्हणून. असेंब्लर, मॅक्रो प्रोसेसर, लिंकर आणि लोडर हा गाभा दोन्हीकडे तोच. व्याख्या आणि फरक पाठ करता येतात. पण छोटा प्रोग्राम देऊन तक्ते भरायला सांगितले की पाठांतर संपते आणि हाताची सवय लागते.

समजा, प्रोग्राम ‘स्टार्ट २००’ने सुरू होतो. पुढे रीड, मूव्हर, ॲड, मूव्हएम, स्टॉप या पाच सूचना. प्रत्येकीला एक शब्द जागा, म्हणजे २०० ते २०४. मग ‘एन डीएस १०’. एनचा पत्ता २०५, पण त्याने दहा शब्द अडवले, म्हणून पुढच्या ‘सम’चा पत्ता २१५. घाईत डीएसलाही एकच शब्द धरला जातो, सम २०६वर बसतो आणि तिथून सगळे पत्ते घसरतात. मूव्हरमधले ‘५’ हे लिटरल एंडपाशी २१६वर जाते. स्टॉपनंतर एलटीओआरजी असेल, तर मात्र २०५ त्या लिटरलला मिळतो आणि एन, सम एकेक घर पुढे सरकतात. त्यामुळे लोकेशन काउंटरचा रकाना शेवटपर्यंत भरून मगच सिंबॉल टेबलला हात लावावा.

पहिल्या पासमध्ये ‘रीड एन’ वाचताना एन कुठे आहे हे ठाऊकच नसते. तिथे फक्त सिंबॉल टेबलातला क्रमांक लिहिला जातो. पत्ता दुसऱ्या पासमध्ये येतो. दोन पास कशाला, या हमखास प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

पुस्तकांची सरमिसळ हा आणखी एक घोळ. ढमढेरे यांच्या पुस्तकातल्या काल्पनिक यंत्रात प्रत्येक सूचना एका शब्दाची असते. डोनोव्हन यांच्या १९७२च्या पुस्तकात आयबीएम ३६० आहे; तिथे काही सूचना दोन बाइटच्या, काही चारच्या. एकाची पद्धत दुसऱ्याच्या उदाहरणाला लावली की काउंटर बिघडलाच. पेपरातले उदाहरण कोणत्या वळणाचे आहे, ते आधी ओळखावे.

वरचाच प्रोग्राम लोडरसाठीही पुरतो. २००ऐवजी ५००वर चढवला, तर सूचनांमधल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवायचे; समचा २१५ होतो ५१५. लिटरलचे ५ मात्र ५च राहते, कारण ते मूल्य आहे, पत्ता नव्हे. मॅक्रोत नेस्टेड कॉल आला, तर विस्तार ओळीने कागदावर उतरवावा. मनातल्या मनात केलेला विस्तार बहुधा फसतो.

ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग तुलनेने सोपा, गँट चार्ट आणि बँकर्स अल्गोरिदमचा सराव पुरतो. बेलेडीची विसंगती मात्र एकदा स्वतः करून पाहावी: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाला फिफो पद्धतीने तीन फ्रेममध्ये ९ पेज फॉल्ट होतात आणि चार फ्रेममध्ये १०.

प्रॅक्टिकलसाठी असेंब्लरचा कोड मित्राकडून उतरवून घेण्याची प्रथा जुनीच आहे. जर्नल त्याने पूर्ण होते, पण तोंडी परीक्षेत परीक्षक कोडमधली एलटीओआरजीची ओळ दाखवून ‘इथे काय होते?’ एवढेच विचारतात.