साठ सेकंदांसाठी पस्तीस लाख पावलं

नर्मदा परिक्रमेला पायी निघालेला माणूस दीडशे दिवस चालला आणि रोज १०० फोटो काढत गेला, तर घरी येईपर्यंत १५,००० फोटो होतात. उन्हात एका फोटोला शटर साधारण १/२५० सेकंद उघडतं असं धरा. मग या सगळ्या फोटोंसाठी ते एकूण किती वेळ उघडलं? १५,००० भागिले २५०, म्हणजे ६० सेकंद. पाच महिन्यांत एक मिनिट! बाकीचा सगळा काळ कॅमेरा पाठीवरचं ओझं असतो.

सांगलीच्या विश्रामबागला विलिंग्डन आणि वालचंद ही दोन मोठी कॉलेजं आहेत. शिक्षण संपलं की नोकरीला चिकटण्याआधी सॅक लावून काही महिने भटकायचं, असं ठरवणारी पोरं इथे भेटतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "बजेट कमी आहे, कॅमेरा कुठला घेऊ?" पुढच्या वाक्याला गाडी मेगापिक्सेलवर येते. माझं म्हणणं असं की कॅमेरा त्या एका मिनिटाकडे बघून घेऊ नका, पाच महिन्यांकडे बघून घ्या. लांबच्या प्रवासात प्रत्येक छोट्या आकड्याला लाखांनी गुणलं जातं.

पाठीवरची मालगाडी

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर चाल २,६०० किलोमीटरच्या वर जाते. पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर ही झाली सुमारे ३५ लाख पावलं. सॅकमध्ये एक किलो जास्त असेल, तर प्रत्येक पावलाला पाय तो किलो नव्याने पेलतो. ३५ लाख पावलांची बेरीज ३५ लाख किलो, म्हणजे ३,५०० टन. विश्रामबाग स्टेशनवरून मिरजेकडे जाणारी ५८ वाघिणींची भरलेली मालगाडी साधारण एवढाच माल वाहते.

आता कॅमेरे तराजूत घालू. निकॉन डी८५० बॅटरी आणि कार्डासह १,००५ ग्रॅम, त्यावर २४-७० एफ/२.८ व्हीआर लेन्स १,०७० ग्रॅम. दोन्ही मिळून दोन किलोंच्या वर. निकॉन डी३५०० ४१५ ग्रॅम आणि त्याची १८-५५ किट लेन्स २०५, एकूण ६२०. सोनी ए६००० ३४४ ग्रॅम, किट लेन्स ११६, एकूण ४६०. पहिल्या आणि शेवटच्या जोडीत १,६०० ग्रॅमचा फरक आहे. परिक्रमेच्या हिशोबात तो होतो दीड मालगाडी.

हलक्या कॅमेऱ्याची गरज जुनीच आहे. जर्मनीत लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांना दमा होता आणि डोंगरात काचपट्ट्यांचा अवजड कॅमेरा वाहणं त्यांना झेपत नव्हतं. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून त्यांनी १९१३-१४ च्या सुमारास खिशात मावणारा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. सिनेमाची एक चौकट २४ x १८ मिलिमीटरची होती. बार्नाकनी ती दुप्पट केली, २४ x ३६. आज आपण जिला फुल फ्रेम म्हणतो ती हीच.

म्हणजे सिनेमाची मूळ चौकट ४३२ चौरस मिलिमीटरची. डी३५०० किंवा ए६००० मधला एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा, तिच्या पाच-षष्ठांशाहून मोठाच. विश्रामबागपासून ५० किलोमीटरवर कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने स्वतःचा चित्रपट कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मूकपटांच्या त्या काळात अख्ख्या थिएटरचा पडदा जेवढ्या चौकटीवर भरत होता, जवळपास तेवढी जागा आजच्या स्वस्त कॅमेऱ्यात मिळते. तिला 'छोटा सेन्सर' म्हणून कमी लेखायचं काही कारण नाही.

पिक्सेल मोजायला बसलात तर

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६,००० गुणिले ४,०००, दोन कोटी चाळीस लाख ठिपके. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजले तर एका फोटोला २७८ दिवस लागतील. २०० मेगापिक्सेलचा फोटो मोजायला सहा वर्षांहून जास्त.

एवढे ठिपके लागतात कुठे? फुल एचडी पडदा २१ लाख पिक्सेलचा असतो, ४के पडदा ८३ लाखांचा. ए४ आकाराचा उत्तम प्रिंट ८७ लाखांत होतो. २४ मेगापिक्सेलमधून असे पावणेतीन प्रिंट भरतील. शिवाय मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी प्रत्येक बाजूला बारकावा वाढतो तो १.४ पटच. तेव्हा बजेट कमी असेल तर २४ मेगापिक्सेलच्या वरच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

प्रकाशाचा हिशोब

खरी मोजदाद प्रकाशकणांची. सूर्यापासून १५ कोटी किलोमीटर अंतर हे कण सव्वाआठ मिनिटांत कापतात आणि लेन्समधून सेन्सरवर पडतात. आयएसओ १०० ला नीट उजळलेल्या एका फोटोत एपीएस-सी सेन्सरवर ढोबळ मानाने १५,००० कोटी प्रकाशकण येतात. चांगल्या फोनचा सेन्सर साधारण ७० चौरस मिलिमीटरचा, त्यामुळे त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा.

कण कमी पडले की फोटोला दाणे येतात, आणि यामागे साधं गणित आहे. एका पिक्सेलवर १०,००० कण आले तर त्यात १०० ची चढउतार असते, म्हणजे १ टक्का. १०० कणच आले तर चढउतार १० ची, म्हणजे १० टक्के. ती डोळ्याला दिसते. भर दुपारचं ऊन पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी असतं. ओंकारेश्वरच्या घाटावर दिवेलागणीला आरती सुरू होते, तेव्हा आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो.

तिथे किट लेन्स अपुरी पडते. ५५ मिलिमीटरला तिचं छिद्र एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. निकॉनची अशी लेन्स १८५ ग्रॅमची, कॅननची १६० ग्रॅमची, आणि दोन्ही त्यांच्या स्वस्त लेन्समध्ये मोडतात. अंधारात किट लेन्स लावलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्याला एफ/१.८ चा चांगला फोन जवळजवळ गाठतो. नुसती किट लेन्सच वापरणार असाल तर नवा कॅमेरा घेण्याआधी खिशातल्या फोनचा विचार करा. कॅमेरा घेतलात तर दुसऱ्या लेन्सचे पैसे आधी बाजूला काढा. बॉडी महाग घेऊन प्रकाश दहापट होत नाही.

चार्जर आणि इंटरनेट

कंपन्यांच्या प्रमाणित मोजणीप्रमाणे डी३५०० एका चार्जमध्ये १,५५० फोटो काढतो, ए६००० सुमारे ३६०. रोज शंभरच्या हिशोबाने पहिला पंधरा दिवस चालतो, दुसरा साडेतीन. उलट ए६००० यूएसबीवर, म्हणजे पॉवर बँकेवरही चार्ज होतो. डी३५०० ला वेगळा चार्जर आणि भिंतीतला प्लग लागतो. जिथे मुक्कामाला वीज भरवशाची नाही तिथे डी३५०० सोयीचा. रोज लॉजवर उतरणार असाल तर ए६०००, एका जादा बॅटरीसह.

एक रॉ फोटो साधारण २५ एमबीचा धरला तर १५,००० फोटोंचे ३७५ जीबी होतात. फोनच्या रिचार्जमध्ये रोज २ जीबी डेटा मिळत असेल तर ते सगळे क्लाउडवर चढवायला १८८ दिवस लागतील. परिक्रमा १५० दिवसांत संपलेली असेल आणि फोटो अजून वाटेतच! जेपेग ८ एमबीचा धरला तरी १२० जीबी आणि ६० दिवस. म्हणून एका मोठ्या कार्डापेक्षा लहान दोन-तीन कार्डं घ्यावीत आणि भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत न ठेवता अंगावर ठेवावं.

जुना घेताना

कमी बजेटचा खरा मित्र सेकंड हँड बाजार. सुरुवातीच्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. २०,००० क्लिक झालेला कॅमेरा मिळाला तर ८०,००० शिल्लक राहतात. अशा पाच परिक्रमा केल्या तरी ५,००० उरतील. विकणाऱ्याकडून शटर काउंट मागून घ्या. लेन्स तपासताना दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाईलची टॉर्च आत सोडा आणि लेन्स थोडी तिरपी करत बघा. धूळ चालते. पण काचेच्या आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी. स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते.

शेवटचा हिशोब पैशांचा. समजा जुनी हलकी बॉडी घेऊन तुम्ही ३०,००० रुपये वाचवले आणि तुमचा रोजचा खर्च ५०० रुपये आहे. हे झाले प्रवासाचे आणखी ६० दिवस आणि आणखी ६,००० फोटो. तेच पैसे महागड्या बॉडीत घातले असते तर त्या साठ दिवसांतला एकही फोटो निघाला नसता, कारण तुम्ही तेव्हा घरी असता. दोन बॉडींमध्ये मन अडकलं असेल तर किमतीतल्या फरकाला रोजच्या खर्चाने भागा, आणि जी बॉडी जास्त दिवस देईल ती घ्या.