पुराची पेटी पुन्हा भरताना

मैत्रिणींनो, ‘वेळ आली तर’ म्हणून भरून ठेवलेली एखादी पेटी तुमच्या माळ्यावर किंवा कॉटखाली आहे का? असेल तर तुमचं कौतुकच करायला हवं. पण एक विचारते, रागावू नका हं. ती शेवटची उघडली कधी?

माझ्याकडेही होती अशी पेटी. आमचं घर सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. २००५ च्या पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडलो. मुलगी तीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. लेकरांचे जे हाल झाले ते पाहून मी ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. पत्र्याची ट्रंक आणली आणि भरली. दुपटी, झबली, दुधाची बाटली, ग्राइपवॉटर, वातीचा स्टोव्ह, मेणबत्त्या, बॅटरी, रेशनकार्डाची झेरॉक्स, नातेवाइकांच्या फोन नंबरांची वही. शेजारणी मुद्दाम बघायला आल्या. मला कोण अभिमान!

पुढे बरीच वर्षं पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही. ट्रंक माळ्यावर आणि मी निश्चिंत.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. रात्री गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मी मोठ्या दिमाखात म्हटलं, “आधी पेटी काढा.” पूर्वी ह्यांनी ती एकट्यानं खांद्यावर चढवली होती. आता ह्यांच्या कमरेला पट्टा. शेवटी दोघा मुलांनी कशीबशी उतरवली. एका हातानं पेटी आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंना धरून आम्ही एका शाळेत पोचलो.

तिथं पेटी उघडली आणि मला रडूच कोसळलं. सतरा वर्षांच्या मुलीपुढं मी झबली काढत होते! बॅटरीतले सेल फुटून आत पांढरी भुकटी झालेली. स्टोव्ह होता, पण रॉकेल कुठून आणायचं? वहीतले बहुतेक फोन बंद झालेले. आणि सासूबाईंचं इन्सुलिन? ते राहिलं होतं घरी, फ्रिजमध्ये, पाण्याखाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना गुंगी येऊ लागली. तिथं आलेल्या डॉक्टरांनी वेळेवर साखर तपासून इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं.

रात्री सासूबाई नुसत्या एवढंच म्हणाल्या, “अगं, तुझ्या पेटीत सगळे आहेत. मीच तेवढी नाही.”

ते वाक्य मला फार लागलं. कारण खरंच होतं ते. मी पेटी भरली तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या, ठणठणीत होत्या. पेटीतलं घर २००५ सालीच थांबलं होतं, आम्ही मात्र पुढं आलो होतो.

बघा ना, मुलांची चप्पल लहान झाली की आपण लगेच नवी आणतो. कुकरची रिंग सैल झाली की बदलतो. पण अडचणीसाठी ठेवलेल्या वस्तूंचं काम एकदा केलं की आपण ‘झालं’ म्हणून मोकळ्या होतो. शिवाय त्या झबल्यांत जीवही अडकलेला असतो. खुशाल जपा ती, पण कपाटात. निघायच्या पिशवीत त्यांनी जागा अडवायला नको.

आता मी काय करते ते सांगते. वस्तूंपासून नाही, माणसांपासून सुरुवात करायची. कागद घ्या, आज घरात राहणाऱ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढं लिहा, ‘कशावाचून ह्याचे दोन दिवस निघणार नाहीत?’ आजोबांची कवळी आणि काठी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, वयात आलेल्या मुलीचे पॅड, चष्म्याचा आताचा नंबर. आणि तुमचं स्वतःचं नाव विसरू नका! थायरॉइडची गोळी तुम्हीही घेता ना?

पेटीऐवजी खांद्यावरच्या पिशव्या करा. ज्याची पिशवी त्याला उचलता आली पाहिजे. म्हाताऱ्या माणसाची पिशवी कोण घेणार, हेही आधीच ठरवा.

औषधं आठवड्याची ठेवा आणि सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. दर महिन्याला नवी पाकिटं पिशवीत घाला व पिशवीतली आधी वापरा, म्हणजे मुदत उलटणार नाही. इन्सुलिन फ्रिजमध्येच असू द्या, पण फ्रिजच्या दारावर ‘निघताना इन्सुलिन’ अशी चिठ्ठी चिकटवा. बाहेर ते उन्हापासून जपा. बर्फाला मात्र चिकटवू नका, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

बॅटरीतले सेल काढून वेगळे ठेवा. मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा. कागदपत्रांच्या प्रती जाड प्लॅस्टिकमध्ये घाला. फोन नंबर नव्यानं लिहा, मोबाईल बंद पडला तर कागदच उपयोगी. त्यात मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ असू द्या.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर तरी धरा. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजावं. दोर, शिट्टी, स्टीलचा पेला आणि जाड प्लॅस्टिकचा कागद मात्र जुनेच चालतात.

हे सगळं लक्षात कसं राहणार, म्हणाल. मृग लागायच्या आधी आपण पावसाळ्याची बेगमी करतोच की. पापड-कुरडयांचे डबे भरताना ह्या पिशव्याही उघडायच्या. शिवाय घरात काही बदललं, म्हणजे बाळ आलं, सून आली, कोणाचं ऑपरेशन झालं, मुलगा होस्टेलला गेला, की त्याच आठवड्यात उघडायच्या. पूर नसला तरी आग आहे, भूकंप आहे, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणं आहे.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा सासूबाईंची पिशवी सगळ्यांत आधी बाहेर निघाली. शाळेत पोचल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली, एकेक वस्तू चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, “आता आहे हो मी!”

आज त्या नाहीत. त्यांची पिशवी रिकामी करायला मला जड गेलं, पण केली. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिचीही केली. आणि यंदा माझ्या पिशवीत मी पहिल्यांदाच गुडघ्याचा पट्टा ठेवला. जरा हसू आलं, जरा वाईटही वाटलं. पण पेटीनं आपलं आजचं वय ओळखलं पाहिजे, नाही का?

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारची झोप थोडी बाजूला ठेवा आणि ती पेटी खाली काढाच. घरातलं कोण त्यात नाही, एवढं बघा.