कातळावरचा ब्लॉकचा कारखाना

गुरुवारी रात्री आपण चार घरं एकत्र जमलो, जेवणं झाली, बडीशेप फिरायला लागली की कुणीतरी हमखास म्हणतं, "आता बास झालं. गावाला काहीतरी सुरू करायला पाहिजे." कुणाला गोठा घालायचा असतो, कुणाला होम-स्टे काढायचा असतो, कुणाच्या डोक्यात काजूचं युनिट असतं. माझं ते 'काहीतरी' सुरू होऊन आता सात वर्षं झाली. यंदा गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी असतानाच तिघांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुमचं ते सिमेंटच्या ब्लॉकचं कसं काय चाललंय? खरं सांगा." संपादकबाई मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, तिघांना सांगण्यापेक्षा अंकातच लिहा. म्हणून हे खरं खरं.

मी इथे मस्कतला रुसैलच्या एका ब्लॉक कारखान्यात चौदा वर्षं सुपरवायझर होतो. म्हणजे काम येत नव्हतं, अशी सबब मला नाही. आपण इथे राहतो त्या बहुतेक इमारतींच्या भिंती सिमेंटच्या ब्लॉकच्याच आहेत, त्यातलेही बरेचसे पोकळ. कच, बारीक खडी, सिमेंट आणि अगदी थोडं पाणी, एवढाच ऐवज. मशीन ते साच्यात हादरवून दाबतं आणि ब्लॉक बाहेर येतो. दिवसाला हजारोंनी येतो. हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर पाहिल्यावर वाटायला लागलं, आपल्या लांजा तालुक्यात हे का होऊ नये? हायवेचं चौपदरीकरण चालू होतं, गावोगाव स्लॅबची घरं उठत होती. आमचा वडिलोपार्जित सड्यावरचा कातळ होता, जिथे गवतापलीकडे काही उगवत नाही. धाकटा भाऊ मुंबई सोडून गावी परतला होता आणि रिक्षा चालवत होता. पैसे माझे, कष्ट त्याचे. कागदावर काहीच नाही. भावाभावांत कसला कागद?

२०१८च्या दसऱ्याला नारळ फोडला. कोल्हापूरकडून जुनं मशीन आणलं. हे मशीन चाकांवर पुढे पुढे सरकत कोंबडीसारखं जमिनीवर ब्लॉक घालत जातं, म्हणून त्याला अंडी घालणारं मशीन म्हणतात. त्याला खालची जमीन सपाट लागते. कातळ दिसायला सपाट, पण मशीनला तो चालत नाही, म्हणून तीन हजार चौरस फुटांचा कोबा घातला. मिक्सर, पत्र्याची शेड, बोअर, थ्री-फेजचं कनेक्शन येईपर्यंत भाड्याचा जनरेटर, असं सगळं धरून अकरा लाख झाले. चार लाख बँकेचं कर्ज, धाकट्याच्या नावावर. सात माझे, म्हणजे खरं तर मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले.

माल कसा कालवायचा हे मी सुट्टीत पंधरा दिवस उभं राहून शिकवलं. घरच्या बायकांना ते मजुरांपेक्षा आधी समजलं, कारण गोष्ट बेसनाच्या लाडवाची आहे. मिक्सरमधून मूठभर माल घ्यायचा आणि वळायचा. लाडू वळला पाहिजे, फुटता कामा नये, आणि तळहाताला पाणी सुटता कामा नये. पाणी कमी पडलं तर ब्लॉकच्या कडा झडतात. जास्त झालं तर साचा वर उचलताच ब्लॉक बसका होतो, पोट सुटल्यासारखा. पन्नास किलोच्या एका पोत्यात सहा इंची भरीव ब्लॉक आमचे बावीसच्या आसपास होतात. कुणी एका पोत्यात पस्तीस सहा इंची काढतो म्हणाला तर त्याचा ब्लॉक गुडघ्याच्या उंचीवरून टाकून बघावा.

ताजा ब्लॉक पहिले चोवीस तास हलवायचा नाही. मग थप्पी लावायची आणि पाणी मारायचं. भारतीय मानकात, म्हणजे आयएस २१८५ मध्ये, किमान १४ दिवस ओला ठेवा असं आहे. त्यानंतर चार आठवडे वाळवा. हा दुसरा भाग बहुतेकांना माहीतच नसतो. मला माहीत होता, आणि तरी मी काय केलं ते पुढे येतंय.

सिमेंटचा ब्लॉक वाळताना आकसतो. अगदी थोडा, डोळ्यांना दिसणार नाही इतका. थप्पीत आकसला तर कुणाचं काही बिघडत नाही. भिंतीत जाऊन आकसला तर भिंत तडकते. म्हणून चौदा आणि अठ्ठावीस, बेचाळीस दिवस माल यार्डातच हवा. आता हिशेब करा. दिवसाला पाचशे ब्लॉक, आठवड्याला सहा दिवस, सहा आठवडे. म्हणजे विक्रीचा पहिला रुपया येण्याआधी अठरा हजार ब्लॉक कातळावर उभे. तेव्हा आम्हाला एक ब्लॉक छत्तीस रुपयांना पडत होता. साडेसहा लाख रुपयांच्या जवळपास. हे साडेसहा लाख माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. मी मशीनचा हिशेब केला, शेडचा केला, मशीनच्या पूजेच्या पेढ्यांचाही केला. रुसैलला यार्डात माल पडून असे तेव्हा त्याचे पैसे कुठून येतात हा अकाउंट्सवाल्यांचा प्रश्न होता. मी फक्त पाणी मारून घेत होतो.

२०१९च्या एप्रिलमध्ये आमच्या वाडीतल्या काकींनी घर बांधायला काढलं. काका गेल्यावर आलेले पैसे, सगळे त्यात. कॉलम-बीम उभे होते, मधल्या भिंतींना ब्लॉक हवे होते. पावसाच्या आत घर झाकायचं होतं. धाकट्याच्या यार्डात दहा दिवसांचा माल होता, आणि शनिवार होता. त्याने दिला. गवंड्याने तो विटांसारखा हौदात भिजवून लावला. वीट भिजवायची असते. ब्लॉक मात्र कोरडाच लावायचा, फार तर वरून हात ओला करून फिरवायचा. ताजा ब्लॉक, वर भिजवलेला, वर घाईचं प्लास्टर. पाऊस होता तोवर हवाच इतकी ओली की काही दिसलं नाही. भिंती वाळल्या त्या ऑक्टोबरच्या उन्हात.

त्या दिवाळीला मी गावी होतो. पाडव्याला काकींनी बोलावलं. फराळाचं ताट समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी खा, मग दाखवते." खिडकीच्या कोपऱ्यातून निघून सांध्यासांध्यांनी पायऱ्या चढत गेलेली भेग. तशीच पुढच्या खोलीत, तशीच देवघराच्या मागे. देवघराच्या भेगेवर त्यांनी कॅलेंडर लावलं होतं.

"अरे, तुझा ब्लॉक फुटला की माझं नशीब?"

"फुटला नाही काकी. आकसला."

घर पडण्यासारखं नव्हतं, भार कॉलमवर होता. पण विधवा बाईला तिच्या नव्या घरात हे समजावून सांगताना माझी जीभ जड झाली ती अजून आठवते.

संध्याकाळी मी धाकट्यावर तुटून पडलो. बेचाळीस दिवस म्हणून फोनवर शंभर वेळा सांगितलं होतं, वगैरे. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, तू मस्कतला बसून बेचाळीस दिवस म्हणतोस. इथे शनिवारी सहा माणसं हात पुढे करून उभी असतात. त्यांना काय देऊ, ब्लॉक? आणि बँकेचा हप्ता?" आई मध्ये पडली म्हणून त्या दिवशी घरात चूल पेटली. रात्री कातळावर जाऊन बसलो. त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याला मशीन दिलं होतं आणि थांबायला सांगितलं होतं, पण थांबायला लागणारे पैसे दिले नव्हते.

काकींच्या भिंती आम्ही लगेच नाही दुरुस्त केल्या. ब्लॉक पूर्ण आकसून होईपर्यंत थांबणं भाग होतं, नाहीतर भेग पुन्हा उघडली असती. मग भेगांवरचं प्लास्टर कापून, आत पॉलिमरचा मसाला भरून, वर जाळी मारून पुन्हा प्लास्टर केलं. अडतीस हजार खर्च आला. काकी अर्धे द्यायला निघाल्या होत्या, घेतले नाहीत. तोवर मार्च २०२० उजाडला आणि लॉकडाऊन लागला. काम बंद, गाड्या बंद, यार्डात नऊ हजार ब्लॉक. धाकटा एकटाच सकाळ-संध्याकाळ जाऊन पाणी मारायचा, पंधरा दिवसांनी तेही थांबवलं. जूनच्या तोंडावर बांधकामं पुन्हा सुरू झाली तेव्हा तो माल गेला. त्या नऊ हजारांपैकी एकाचीही तक्रार आजवर आलेली नाही.

मी मुदत ठेव मोडली आणि आणखी पाच लाख घातले, फक्त थांबण्यासाठी. बायको म्हणाली, "लोणच्यासारखे मुरवत ठेवायचे म्हणजे!" मुलीने पुण्यात शेवटच्या दोन वर्षांसाठी शिक्षणाचं कर्ज काढलं आणि त्याचे हप्ते ती अजून स्वतः फेडते आहे. हे अंकात लिहू का म्हणून तिला विचारलं. म्हणाली, लिहा, रक्कम तेवढी लिहू नका. कागदही केला. भागीदारीचा करार, सीएकडे बसून, दोघांच्या सह्या. आईला ते आवडलं नाही.

धंद्याचं म्हणाल तर कोकणात ब्लॉकचा खरा सामना विटेशी नाही, चिऱ्याशी आहे. जांभा खाणीतून कापायचा आणि लावायचा. त्याला पाणी मारायला नको, उलट हवा लागली की तो आणखी कठीण होतो. आणि चिऱ्याचं घर ते घर, ही भावना वेगळीच. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही बाहेरच्या भिंतींसाठी चिऱ्याशी झुंजत बसलो आणि हरलो. मग एका गवंड्यानेच धाकट्याला सुचवलं की आतल्या भिंतीला चिरा जाड पडतो, खोली खातो. तिथे चार इंची ब्लॉक बसतो. तेव्हापासून आम्ही चार इंची जास्त काढतो. चिऱ्याचंच घर, आतल्या भिंती आमच्या. शंभर चौरस फूट भिंतीला तुटफूट धरून एकशे दहा-बारा ब्लॉक लागतात, हे आता तालुक्यातल्या गवंड्यांना तोंडपाठ आहे.

पाण्याचं गणित मात्र अजून सुटलेलं नाही. मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करून ब्लॉकवर मारतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ फुकट पाणी मारतं, पण तेव्हा उघड्यावर ब्लॉक पाडता येत नाही. एप्रिल-मेमध्ये मागणी सगळ्यात जास्त आणि तेव्हाच बोअर धापा टाकते. गोणपाट टाकून, वर प्लास्टिक झाकून निम्म्या पाण्यात भागवतो. खाडीची रेती स्वस्त मिळते म्हणून कुणी सुचवतं, ती खारी, तिच्या वाटेला गेलो नाही.

तर त्या तिघांना आकडे. मी बारा लाख घातले, आजवर तीन परत आले. बँकेचं कर्ज फिटलं. धाकटा महिन्याला पंचवीस हजार घेतो, सहा माणसांना आठ महिने काम आहे, पावसात ती शेती करतात. इतक्या वर्षांत बँकेतल्या व्याजाने जास्त दिलं असतं, ते मला माहीत आहे. पैसे घालणार असाल तर मशीनला जेवढे, जवळजवळ तेवढेच वेगळे काढून ठेवा आणि गावी जो कुणी उभा राहणार आहे त्याच्या शनिवारची सोय आधी करा. तो माणूस नसेल तर नारळच फोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो छान येतात, त्यात ब्लॉक दहा दिवसांचा की चाळीस हे कळत नाही.

म्हणून आता प्रत्येक थप्पीवर गेरूने तारीख लिहिलेली असते. यंदा काकींना परसाला कंपाउंड घालायचंय. मागच्या आठवड्यात त्यांनी धाकट्याला निरोप धाडला की दिवाळी झाली की मी कातळावर येते, चष्मा घेऊन. तारखा माझ्या मी वाचीन आणि मग सांगीन कुठली थप्पी उचलायची ती.