गाडी भरायच्या आधी

बीड जिल्ह्यात धारूरच्या घाटात रस्त्याकडेला सीताफळाच्या पाट्या दिसायला लागल्या, की गावागावांत ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाच्या खेपाही सुरू होतात. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर हे झाड पाण्यावाचून तग धरतं. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रानं निवडलेल्या एका वाणाचं नावच 'धारूर-6' आहे. हे फळ झाडावर पिकू दिलं तर पाखरं खातात, नाहीतर तडकतं. म्हणून डोळे उघडले, म्हणजे डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळट झाल्या, की टणक असतानाच तोडायचं. दोन-तीन दिवसांत ते घरी मऊ पडतं. तितक्या वेळातच ते गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं असतं. दिवाळीच्या आसपास पाट्या कमी होत जातात. त्या पैशात सणाचा बाजार होतो, वर्ष निघत नाही.

वर्ष काढायला कोयता लागतो. हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि एकच खरीप. बाजरी, सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी झाली की पुढं शेतात फारसं काम उरत नाही. तालुक्यातच तेलगावला साखर कारखाना आहे, पण एका कारखान्यात एवढ्या हातांना काम कुठलं मिळणार? टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं जातात, काही थेट कर्नाटकात बेळगावपर्यंत. त्यामुळं इथल्या आश्विन-कार्तिकाचं वेळापत्रक पंचांगाइतकंच गाळपाच्या तारखेवर ठरतं. ही तारीख दरवर्षी राज्याची मंत्री समिती ठरवते. 2024 साली ती 15 नोव्हेंबर होती, 2025 साली 1 नोव्हेंबर. 2024 ला लक्ष्मीपूजन गावात करून निवांत निघता आलं, पण विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं आणि तेव्हा टोळ्या उसाच्या फडात. 2025 ला लक्ष्मीपूजन आणि गाळप यांत जेमतेम दहा दिवस होते.

घटस्थापनेपासून गाडी भरेपर्यंतचे हे आठवडे म्हणूनच सणाचे तसेच कागदपत्रांचेही. तलाठी, शाळा, रेशन दुकान, अंगणवाडी सगळं गावातच असतं. नंतर सहा महिने तीच कामं फडातून फोनवर करावी लागतात, आणि फोनवर ती होत नाहीत.

सुरुवात उचलीपासून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशापासून करू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. 'कोयता' म्हणजे हत्यार, पण हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे घेतो आणि कोयत्यामागं उचल वाटतो. ती लाखाच्या घरात जाते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाला 274 रुपये होते ते साधारण 367 झाले. आता हिशेब मांडू. चांगला कोयता दिवसाला दोन टन तोडतो, म्हणजे 734 रुपये. लाखाची उचल फेडायला 137 दिवस लागतात, तेही एक खाडा न करता. पावसानं फड ओला झाला, गाडी बिघडली, पोर तापानं फणफणलं, की दिवस वाढत जातात. उरलेली रक्कम 'बाकी' म्हणून पुढच्या वर्षाच्या वहीत चढते. म्हणून उचल घेताना आकडा किती मोठा हे बघण्याआधी मागची बाकी किती धरली ते विचारावं. खाड्याचा दंड किती, गाडीभाडं कुणाचं, वाढं (उसाचे शेंडे) विकलं तर पैसे कुणाचे, हेही बोलून घ्यावं. कोऱ्या स्टँपवर सही किंवा अंगठा देऊ नये आणि लिहिलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. फोटो काढू देत नसेल, तर तो कागद कुणाच्या फायद्याचा आहे ते तिथंच कळतं.

यातच एक सरकारी कागद जोडून घ्यावा. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागं 10 रुपये घेतले जातात आणि तेवढेच सरकार घालतं. त्याचं ओळखपत्र गावात ग्रामसेवकाकडं निघतं. (पदाचं नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, गावात हाक जुनीच आहे.) आपण ऊसतोड कामगार आहोत याचा लेखी पुरावा बहुतेक घरांत हा एकच असतो. मुकादमाच्या वहीत नाव त्याच्या हातचं, ओळखपत्रावरचं आपलं. नवरा-बायको दोघांच्या नावानं काढावं. नुसत्या नवऱ्याचं काढून येणारे पुष्कळ आहेत.

पोरांचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक घरांत दसऱ्याच्या पुरणपोळीबरोबरच निघतो. दोन वाटा आहेत. घरी आजी-आजोबा किंवा चुलत्याचं कुटुंब राहणार असेल, तर पोर गावातच ठेवावं आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात त्याचं नाव घालावं. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी पोर नातेवाइकांकडंच झोपतं. शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय करते आणि दुपारची खिचडी शाळेची असतेच. यासाठी कुणाचे आईबाप जाणार याची यादी मुख्याध्यापक आधी करतात, तिच्यावरून प्रस्ताव वर जातो. गाडी भरायच्या आदल्या दिवशी शाळेत जाऊन सांगितलं तर मास्तरही हतबल. नवरात्रातच सांगून यावं. मोठ्या पोरापोरींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तिच्यात राज्यातल्या 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 82 वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येकी 100 जागांची. जागेची चौकशी बीडच्या समाज कल्याण कार्यालयात करावी.

पोर बरोबरच न्यायचं असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. पोर कितवीत आहे, किती शिकलंय हे त्यावर असतं, आणि ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं दाखल्याशिवाय पोराला बसवून घ्यायचं असतं. परत आल्यावर तेच कार्ड गावच्या शाळेत दाखवायचं. खरं सांगायचं तर फड दर चार दिवसांनी हलतो, शाळा कोपीपासून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीपासून, लांब असते आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला मागं राहते. कार्ड हातात असूनही वर्ष बुडालेली पोरं आहेत. म्हणून जमत असेल तर पहिलीच वाट धरावी, असं माझं मत.

रेशनचं काम त्यामानानं सोपं झालंय. रेशनकार्डाचा बारा आकडी क्रमांक पाठ असला तर आपला गहू-तांदूळ कोल्हापुरातल्या दुकानातही उचलता येतो, कर्नाटकातही. घरी राहिलेली म्हातारी आपल्या वाट्याचं गावात उचलू शकते. अडचण वेगळीच येते. कोयता चालवून बोटांची टोकं झिजतात आणि मशिनवर अंगठा उमटत नाही. निघायच्या आधी आधार केंद्रात ठसे नव्यानं देऊन यावं, चालू मोबाइल नंबर जोडावा आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का ते रेशन दुकानदाराकडून बघून घ्यावं.

बायकांच्या तब्येतीकडं मात्र घाईत बघू नये. 2019 साली बीड जिल्ह्याकडं साऱ्या राज्याचं लक्ष गेलं ते गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांमुळं. सुमारे 82 हजार बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा होतो, खाड्याला दंड पडतो, अंगावरचं दुखणं वाढतं आणि मग कुणीतरी पिशवीच काढायला सांगतं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, आणि हंगामाच्या आधी व नंतर कामगार बायकांची तपासणी करायची, असं ठरलं. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, रक्त कमी असणं, हे सगळं तिथं न लाजता सांगावं. रक्तवाढीच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. गरोदर बाईनं माता-बाल संरक्षण कार्ड सामानाच्या तळाशी न टाकता अंगाजवळ ठेवावं, कारण त्यावर कुठल्याही सरकारी केंद्रात तपासणी होते आणि बाळाच्या लशीही तिथंच टोचून मिळतात. अंगणवाडीताईला कुठल्या कारखान्याला चाललो ते सांगून जावं, म्हणजे तिकडच्या ताईला कळवता येतं.

एवढं उरकेस्तोवर दसरा येतो. या माणसांचा दसऱ्याचा मेळा पूर्वी भगवानगडावर भरायचा, आता पाटोद्याकडच्या सावरगाव घाटाला भरतो. गर्दीतल्या पुष्कळांची उचल तोवर खर्चूनही झालेली असते. आपट्याची पानं वाटून सीमोल्लंघन करायची रीत आहे. इथल्या माणसांना खरीच सीमा ओलांडायची असते, फक्त काही दिवसांनी.

गाडी भरते ती बहुधा संध्याकाळी. ज्वारी-बाजरीची पोती, ताडपत्री, कोपीसाठी बांबू, चूल, घागरी, दोरानं बांधलेली शेळी, वर पांघरुणं आणि त्यावर बायापोरं. ज्या घरी म्हातारी राहणार, तिच्या हातात रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेतल्या बाईंचा नंबर आणि नातवाची दप्तराची पिशवी. घाट उतरेपर्यंत गाडीचे मागचे लाल दिवे दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू शाळेत जातो, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घरात चूल दोघांपुरतीच पेटते.