आधी ऊब, मग दूध

दिवाळी ते उत्तरायण या दिवसांत मकरपुऱ्यातल्या कुठल्याही सोसायटीत चक्कर मारा. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे किंवा जीआयडीसीतल्या एखाद्या बंद शेडच्या पायरीशी कुत्र्याच्या पिल्लांचा गोळा पडलेला दिसेल. कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी येतो आणि दोन महिन्यांनी पिल्लं होतात, म्हणजे नेमकी थंडीत. बडोद्याची थंडी काही काश्मीरची नव्हे. पण पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो, आणि काल जन्मलेल्या दोन-तीनशे ग्रॅमच्या जिवाला तेवढंही झेपत नाही.

मग मुलं जमतात. एक पिल्लू कडेला पडून कुईकुई करत असतं. "बिचाऱ्याला बाकीच्यांनी ढकललं," असं ठरतं. त्याला उचलून घरी नेतात, फरशीवर ठेवतात आणि वाटीत फ्रिजमधलं दूध देतात. हेतू शंभर टक्के चांगला, पण असं पिल्लू पुष्कळदा सकाळ बघत नाही. का, ते मुलांना नीट सांगायला हवं, म्हणून हा लेख.

पहिल्या आठवड्यात पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कान बंद असतात आणि त्याला धड कुडकुडताही येत नाही. आपण कुडकुडतो तेव्हा स्नायू हलून उष्णता तयार होते. ती सोय त्याच्याकडे अजून नसते. त्यात आकार लहान. घरात रुबिकचा क्यूब असेल तर मुलांना हे करून दाखवता येईल. 1 सेंटीमीटर बाजूचे आठ सुटे ठोकळे घेतले तर त्यांचा मिळून पृष्ठभाग 48 चौरस सेंटीमीटर भरतो. तेच आठ एकमेकांना चिकटवून 2 सेंटीमीटरचा एक ठोकळा केला की उरतो 24. वस्तू तीच, पण हवेला उघडा असलेला भाग निम्मा. उष्णता कातडीतूनच निसटते, त्यामुळे आठ पिल्लांनी एकमेकांना बिलगणं म्हणजे सगळ्यांनी मिळून एक मोठं अंग तयार करणं.

आता कडेचं पिल्लू. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या जेफ्री अल्बर्ट्स यांनी 1978 साली उंदराच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की हा ढीग कधीच स्थिर नसतो. थंडी वाढली की तो आवळतो, उकडलं की सैल होतो. वरची पिल्लं खाली घुसतात, आतली बाहेर येतात. 1997 मध्ये त्यांनी आणि जेफ्री शँक यांनी (हो, दोघंही जेफ्री) हे संगणकावर मांडून पाहिलं. प्रत्येक पिल्लाला अगदी साधे नियम दिले, तरी ढीग आपोआप जमतो. मॅनेजर नाही, मीटिंग नाही. आमच्या ऑफिसात असं एकदा तरी व्हावं!

म्हणजे कडेला रडणारं पिल्लू बहुतेक वेळा वाळीत टाकलेलं नसतं. ते आत घुसायच्या वाटेवर असतं, आणि रडण्याइतकी ताकद त्याच्यात आहे. काळजी करावी ती ढिगापासून लांब, गप्प आणि हाताला गार लागणाऱ्या पिल्लाची.

अशा गार पिल्लाला दूध मात्र लगेच देऊ नये. शरीराचं तापमान 34 अंशांच्या आसपास घसरलं की आतडी काम थांबवतात आणि चोखण्याची शक्ती जाते. दूध पोटात तसंच पडून राहतं किंवा फुप्फुसात उतरतं. शिवाय कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीच्या आसपास स्निग्धांश आणि प्रथिनं असतात, म्हणजे आपली वाटी तशीही तोकडीच. आधी त्याला कपड्यात गुंडाळून अंगाशी धरायचं, हळूहळू ऊब द्यायची. शेगडीजवळ न्यायचं नाही. हालचाल सुरू झाली की परत ढिगात, आईपाशी. हे काम मोठ्या माणसानं करावं. व्यालेली कुत्री चावू शकते, आणि रेबीजशी खेळ नको.

मुलांना करण्यासारखंही बरंच आहे. ढिगाखाली कंतानाचं पोतं घालणं, वाऱ्याच्या बाजूला खोका आडवा लावणं, सकाळी गाडी काढायच्या आधी खाली वाकून बघणं. आणि शिरा! कुत्री व्याली की घरोघरून पीठ, गूळ, तूप गोळा करून तिला शिरा खाऊ घालायची गुजरातेतली रीत मला फार शहाणपणाची वाटते. आईचं पोट भरलं की ती ढीग सोडून उकिरडे धुंडाळायला लांब जात नाही.

माणसाचं बाळ बहुधा एकटंच जन्मतं, त्याला भावंडांचा ढीग मिळत नाही. मान आणि खांद्यांजवळ तपकिरी चरबी असते, ती जळून थोडी ऊब देते, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळात तीही कमी. 1978 साली कोलंबियात बोगोटाच्या रुग्णालयात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाला उबदार ठेवणं हा महत्त्वाचा भाग होता, त्यासाठी झोपायची पिशवीही होती. स्तनपान, जंतुसंसर्गावर उपचार असं सगळं मिळून तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

2021 साली भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. 1 ते 1.8 किलोच्या बाळांना तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी घेतलं, तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं तशी शिफारस केली.

छाती आईचीच हवी असंही नाही. ती जेवायला उठली की बाबा, आजी, मावशी कुणीही चालतं. आमच्या वयाच्या होऊ घातलेल्या बाबांनी दवाखान्याच्या बॅगेत टी-शर्टाऐवजी पुढून बटणांचा सदरा टाकावा.