सॉफ्टवेअर प्रकल्पाची आखणी आणि व्यवस्था

बंगळुरूच्या वायव्य भागातील यशवंतपूर हे दक्षिण पश्चिम रेल्वेचे एक गजबजलेले जंक्शन आहे. तेथील आरक्षणाच्या खिडकीवर कोणी मिरजेचे तिकीट मागितले, तर थोड्याच वेळात छापील तिकीट त्याच्या हाती पडते. तेवढ्या अवधीत दूर कोठेतरी असलेल्या संगणकाने बरीच कामे उरकलेली असतात. त्या तारखेस गाडी धावते काय, यशवंतपूरच्या वाट्याच्या जागांपैकी किती शिल्लक आहेत, अंतराप्रमाणे भाडे किती, प्रवासी सवलतीस पात्र आहे काय, हे सर्व तो पाहतो. मग तो एक जागा त्या प्रवाशाच्या नावे लावतो आणि पैशाची नोंद हिशेबात घेतो.

संगणकास स्वतःची बुद्धी नसते. कोणत्या परिस्थितीत कोणत्या क्रमाने काय करावयाचे, हे त्यास सूचनांच्या रूपाने सांगावे लागते. अशा सूचनांच्या समूहास सॉफ्टवेअर म्हणतात. लहान कामाचे सॉफ्टवेअर एकटा माणूस काही दिवसांत लिहू शकतो; परंतु आरक्षणासारख्या कामास अनेक माणसांना वर्षानुवर्षे राबावे लागते. या माणसांचे श्रम, वेळ आणि पैसा यांची सांगड घालून ठरलेली वस्तू ठरलेल्या वेळी हाती देण्याची जी विद्या, तिला सॉफ्टवेअर प्रकल्पाचे व्यवस्थापन म्हणतात. ती फसली तर नुकसान केवळ कंपनीचे होत नाही. एकच शायिका दोन कुटुंबांना दिली गेली, तर मध्यरात्री फलाटावर उभे राहण्याची पाळी प्रवाशांवर येते.

न दिसणारी वस्तू

पूल बांधताना काम कोठवर आले, हे नदीकाठी उभ्या असलेल्या कोणासही दिसते. खांब उभे राहिले, तुळया चढल्या, की काम पुढे सरकले असे समजते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ‘नव्वद टक्के काम झाले’ असे लिहिणारा सांगतो, तेव्हा ते खरे की खोटे हे पाहावयास डोळ्यांपुढे काहीच नसते. आणि पुष्कळदा उरलेल्या दहा टक्क्यांनाच पूर्वीच्या नव्वदांइतका वेळ लागतो. शिवाय पूल अर्धा झाल्यावर तो दुसऱ्या गावाकडे न्या, असे कोणी सांगत नाही. सॉफ्टवेअर मात्र ‘केवळ लिहिणे’ असल्यामुळे ते केव्हाही बदलता येईल, असा सर्वांचा समज असतो.

संगणक मोठे होऊ लागले तशी ही अडचण तीव्र झाली. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुरस्काराने एक परिषद भरली. मोठी सॉफ्टवेअरे उशिरा होतात, अंदाजापेक्षा अधिक खर्च खातात आणि दोषयुक्त निघतात, याची चर्चा तेथे तज्ज्ञांनी केली. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. पूल बांधण्यास जशी शिस्त लागते, तशीच शिस्त येथेही हवी, हा त्यामागील आशय होता.

प्रथम प्रश्न, मग उत्तर

प्रकल्पाची पहिली पायरी म्हणजे काय हवे आहे ते नेमके ठरविणे. हे वाटते तितके सोपे नाही. ‘तिकिटे देणारे सॉफ्टवेअर हवे’ एवढ्याने भागत नाही. हुबळीस उतरणाऱ्या प्रवाशाची जागा तेथून पुढे दुसऱ्यास द्यावयाची काय? रद्द झालेले तिकीट प्रतीक्षायादीतील कोणास मिळावे? वीज गेली आणि तिकीट अर्धेच छापले गेले, तर ती जागा विकली असे समजावयाचे की नाही? जुन्या काळी प्रत्येक गाडीसाठी आणि प्रत्येक तारखेसाठी कागदी नोंदवह्या असत. असे प्रश्न वहीजवळ बसलेला कारकून अनुभवाने सोडवी आणि त्याची बरीचशी उत्तरे कोठेही लिहिलेली नसत. संगणकास मात्र प्रत्येक उत्तर आगाऊ सांगावे लागते.

म्हणून चांगला व्यवस्थापक सूचना लिहिण्यास बसण्यापूर्वी जे लोक ते काम रोज करतात त्यांच्याजवळ जाऊन बसतो. आवश्यकता लेखी नोंदवून त्या दोन्ही पक्षांकडून मान्य करून घेतो. या टप्प्यात राहिलेली चूक कागदावर एक ओळ खोडून दुरुस्त होते. तीच चूक सॉफ्टवेअर शेकडो खिडक्यांवर पोहोचल्यावर उघडकीस आली, तर दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

कामाचे तुकडे आणि वेळापत्रक

पुढची पायरी अंदाजाची. एवढ्या मोठ्या कामास किती दिवस लागतील, याचे उत्तर कोणासही एकदम देता येत नाही. म्हणून कामाचे लहान लहान तुकडे पाडतात. एक साधे उदाहरण घेऊ. भाडे काढणारा भाग लिहिण्यास चार आठवडे, मोकळी जागा शोधणारा भाग लिहिण्यास सात आठवडे, दोन्ही भाग जोडण्यास दोन आणि तपासण्यास तीन आठवडे लागतील, असे धरू. बेरीज सोळा आठवडे होते. परंतु पहिले दोन भाग दोन निरनिराळ्या गटांना एकाच वेळी लिहिता येतात. तेव्हा सात, दोन आणि तीन मिळून बारा आठवड्यांत काम होईल.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते. भाडे काढणाऱ्या भागास दोन आठवडे उशीर झाला, तरी एकूण काम लांबत नाही, कारण त्यास तीन आठवड्यांची सवड आहे. जागा शोधणाऱ्या भागास एक आठवडा उशीर झाला, तर मात्र सर्व प्रकल्प एक आठवड्याने मागे पडतो. ज्या कामांत सवड नाही अशा कामांची साखळी ओळखून तिच्याकडे सर्वांत अधिक लक्ष देणे, हे व्यवस्थापकाचे मुख्य कौशल्य होय.

माणसे वाढविली तर?

एखादी विहीर दहा मजूर दहा दिवसांत खणतात, तर वीस मजूर किती दिवसांत खणतील, असे गणित शाळेत असते. सॉफ्टवेअरच्या कामास ते बहुधा लागू पडत नाही. हा धडा अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी अनुभवातून घेतला. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम ३६० या संगणकमालेच्या मूलभूत सॉफ्टवेअरचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते आणि ते बरेच लांबले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी सांगितले, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढविल्यास तो अधिकच लांबतो.

याचे कारण असे. नव्या माणसास काम समजावून सांगण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो. शिवाय एकाच्या भागाचा दुसऱ्याच्या भागाशी संबंध असल्याने प्रत्येकास इतरांशी बोलावे लागते. पाच माणसांत अशा जोड्या दहा होतात. दहा माणसांत पंचेचाळीस. आणि पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. माणसे दहापट झाली, तर बोलण्याचे मार्ग शंभराहून अधिक पटींनी वाढतात. म्हणून काम मोठे असल्यास ते लहान गटांत वाटतात आणि गटांमधील देवघेव थोड्या, नेमक्या नियमांनी बांधून घेतात. माणसे वाढवावयाची तर ती आरंभीच वाढविणे हिताचे असते.

चाचणी

सॉफ्टवेअर लिहून झाले म्हणजे ते झाले, असे होत नाही. यशवंतपूरच्या आणि मुंबईच्या खिडक्यांनी एकाच क्षणी शेवटची एक जागा मागितली, तर काय होईल? दोघांनाही ‘जागा आहे’ असे उत्तर गेले, तर ती दोनदा विकली जाईल. म्हणून एका खिडकीचा व्यवहार पुरा होईपर्यंत त्या जागेस संगणकात जणू कुलूप घालावे लागते. असा प्रसंग रोज येणार नाही; परंतु चाचणी घेणाऱ्याने तो मुद्दाम घडवून पाहिला पाहिजे. लिहिणारा आपले लिखाण चालते हे दाखवू पाहतो. तपासणारा ते कोठे मोडते हे शोधतो. म्हणून ही दोन कामे शक्यतो वेगळ्या माणसांकडे देतात.

चाचणीत कसूर झाल्यास काय घडते, याचे प्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. त्या दिवशी एरियान ५ हे युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आतच नष्ट झाले. त्याच्या सॉफ्टवेअरचा काही भाग पूर्वीच्या एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक होता. त्यामुळे एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या सोळा अंकस्थानांत मावली नाही आणि दिशा दाखविणारी यंत्रणा बंद पडली. तो भाग जुन्या बाणावर निर्दोष चालला होता. नव्या बाणाच्या मार्गाप्रमाणे त्याची पुन्हा परीक्षा झाली नव्हती.

यशवंतपूरपासून जवळच पीण्या औद्योगिक वसाहतीत भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे नियंत्रण केंद्र आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान ३ चा अवतरक चंद्रावर उतरला, तेव्हा त्यावर तेथूनच लक्ष ठेवले होते. अखेरच्या उतरणीत तो स्वतःच्याच सॉफ्टवेअरप्रमाणे चालला. अशा वेळी दुरुस्तीस वाव नसतो; सर्व परीक्षा पृथ्वीवरच पुऱ्या कराव्या लागतात.

एकदम की टप्प्याटप्प्याने?

आवश्यकता, आराखडा, लेखन, चाचणी अशा पायऱ्या एकामागून एक उतरत जाण्याच्या पद्धतीस धबधब्याची उपमा देतात. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी अशी आकृती काढली; परंतु मागे न वळता सरळ उतरत गेल्यास अपयश ओढवते, असा इशाराही त्यांनीच दिला. २००१ साली अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी एक जाहीरनामा काढला. थोडे थोडे चालते सॉफ्टवेअर वरचेवर ग्राहकाच्या हाती द्यावे आणि त्याच्या अनुभवाप्रमाणे पुढची दिशा ठरवावी, हे त्याचे सार होय.

भारतीय रेल्वेचे आरक्षणही टप्प्यांनीच वाढले. १९८५ साली दिल्लीत ते प्रायोगिक रूपाने सुरू झाले. त्याचे सॉफ्टवेअर सी.एम.सी. या तत्कालीन सरकारी कंपनीने केले. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथे केंद्रे निघाली. परंतु प्रत्येक केंद्र आपापल्याच गाड्या पाही. १९९४ साली रेल्वेच्या स्वतःच्या माहिती केंद्राने सिकंदराबादेस नवे सॉफ्टवेअर चालू केले आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. तेव्हा कोठे कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. २००२ साली इंटरनेटवरून आरक्षण सुरू झाले. सर्व काही पहिल्याच दिवशी करावयाचे ठरविले असते, तर कदाचित काहीच झाले नसते.

बंगळुरूचा वाटा

या विद्येस बंगळुरूत विशेष वाव मिळाला. १९८१ साली सात अभियंत्यांनी पुण्यात स्थापन केलेली इन्फोसिस १९८३ साली येथे आली; १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे आपले केंद्र काढले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एका संस्थेने सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या शिस्तीच्या पाच पायऱ्या ठरविल्या आहेत. कामाची रीत कोणा एकाच्या हुशारीवर अवलंबून असणे ही पहिली पायरी. स्वतःच्या कामाचे मोजमाप ठेवून रीत सतत सुधारणे ही पाचवी. मोटोरोला कंपनीच्या येथील विभागाने १९९३ साली पाचवी पायरी गाठली, तेव्हा जगात तेथवर पोहोचलेल्या संस्था अगदी मोजक्या होत्या.

या सर्व रीती सॉफ्टवेअरपुरत्याच आहेत असे नाही. शाळेचे संमेलन असो की ग्रंथालयाची नवी सूची, काय हवे ते लिहून काढणे, कामाचे तुकडे पाडणे, सवड नसलेले काम आधी हाती घेणे आणि झालेले काम दुसऱ्याकडून तपासून घेणे, हा क्रम तेथेही उपयोगी पडतो. सॉफ्टवेअरचे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तेथे त्यावाचून चालत नाही, इतकेच.